उम्मे कुल्सूमची मालिका आणि पेटीत न बसणारा गंधार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला ‘काय पाहाल’ म्हणून यादी येते. कोरियन प्रेमकथा असतात, तुर्की खानदानं असतात, स्पॅनिश दरोडे असतात. असू देत, पाहणारे पाहतात. मला मात्र त्या यादीत कधी न आलेल्या आणि पुढंही यायची शक्यता नसलेल्या एका मालिकेविषयी लिहायचं आहे. ती जुनी आहे. १९९९ च्या रमजानमध्ये इजिप्तच्या टीव्हीवर पहिल्यांदा लागली आणि ३७ भागांत संपली. संपली, हे मुद्दाम लिहिलं, कारण संपणारी मालिका आपल्याकडच्या कित्येकांनी पाहिलेलीच नाही. भाषा अरबी, तीही कैरोच्या वळणाची. मालिकेचं नाव ‘उम्मे कुल्सूम’, त्याच नावाच्या इजिप्तच्या थोर गायिकेच्या आयुष्यावरची. दिग्दर्शन इनाम मुहम्मद अली या बाईंचं, लेखन महफूज अब्दुर्रहमान यांचं आणि उम्मे कुल्सूम झाली आहे साब्रीन नावाची नटी.

मी धंद्यानं पेटीवाला. वाजवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. विजापूर वेशीजवळ एका बोळात दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर फळीवर सुरांचे डबे, भात्याचं कापड, सरसाचं भांडं आणि पोट उघडून ठेवलेल्या पेट्या. आषाढीच्या आधी भजनी मंडळांच्या पेट्या येतात, श्रावणाच्या तोंडावर मठांच्या, उरुसाआधी कव्वालांच्या. घरात आम्ही तेलुगू बोलतो, दुकानात मराठी, इंडी-अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की मोडकंतोडकं कन्नड, आणि शेजार दखनी. त्यामुळं ‘परक्या भाषेतलं कसं कळणार’ हा प्रश्न निदान आमच्या बोळात कुणी विचारत नाही. ऐकत राहिलं की कळतं. नाही कळलं तर शेजारी सांगतो.

माझ्या बाबतीत हे अक्षरशः झालं. आमचे शेजारी हाजीसाब उमेदीची वर्षं कुवेतमध्ये होते, हॉटेलाच्या भटारखान्यात. परत आल्यावर चादरी-टॉवेलचं दुकान टाकलं. तिकडं टॅक्सीत बसलं की सकाळी लेबनॉनची गायिका फैरूझ आणि रात्री उम्मे कुल्सूम लागलेली असायची, असं ते सांगतात. अरबी त्यांनी पुस्तकातून नाही, मिसरी स्वयंपाक्यांबरोबर कांदा चिरताना शिकली. त्यांच्या नातीनं ही मालिका शोधून टीव्हीवर लावून दिली. चित्र धुरकट, खाली इंग्रजी अक्षरं कधी येतात, कधी येत नाहीत, आली तरी माझ्या वाचायच्या आत पळतात. मग हाजीसाब दखनीत सांगणार आणि आम्ही ऐकणार. संवाद चालू असला की त्यांचं तोंड सतत चालू, आणि गाणं सुरू झालं की हात वर करून, “अब कुछ नक्को पूछो मास्तर.” रात्री दुकानं बंद झाल्यावर आम्ही दोघं, आमची मंडळी, भाभी, आणि अभ्यासाचं पुस्तक मांडीवर घेऊन ती नात, अशी बैठक. चहा भाभींचा, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आमच्याकडची.

ज्यांना हे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका खेड्यातली ही मुलगी. जन्म कुणी १८९८ चा सांगतं, कुणी १९०४ चा. बाप गावच्या मशिदीत इमाम, आणि चार पैसे जास्तीचे मिळावेत म्हणून लग्नाकार्यात धार्मिक गाणी म्हणायचा. तो मुलाला शिकवत असताना मुलगी ऐकून ऐकून शिकली. आवाज असा की बापाला तिला सोबत न्यावंच लागलं, पण मुलीला गायला उभं केलं तर लोक काय म्हणतील, म्हणून अंगात मुलाचे कपडे, वर डोक्याला बदावी, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांचा, रुमाल. अशा वेषात ती गावोगाव गायली. १९२० नंतरच्या काही वर्षांत कैरोला आली आणि पुढची पन्नास वर्षं अरबी जगावर तिचं राज्य होतं. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री तिचं गाणं रेडिओवरून थेट जायचं. एक एक गाणं तासाच्या घरातलं. ३ फेब्रुवारी १९७५ ला वारली तेव्हा कैरोत लोकांनी जनाजा खांदेकऱ्यांकडून काढून घेतला आणि स्वतःच मिरवत नेला.

मुलाच्या कपड्यातली ती पोर पाहताना आमच्या मंडळींनी पहिली शेरेबाजी केली. “आपल्याकडं पुरुष शालू नेसून गात होता, तिकडं बाई सदरा घालून.” खरंच की. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, ‘मानापमान’ नाटकात भामिनी होऊन रंगमंचावर येत होते, जवळपास त्याच काळात नाईलकाठी एक मुलगी मुलगा होऊन अंगणात गात होती. दोन्हीकडं भीती तीच, बाईनं चारचौघांत गाऊ नये ही. तोड तेवढी उलटी. आणि दोन्हीकडं लोकांचं वेडही सारखंच. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘वन्स मोअर’च्या गोष्टी असत, एकच पद रात्र सरेपर्यंत. तिथंही तेच. बाईनं एक ओळ म्हटली, लोक उठले, “या सित्त!”, म्हणजे “अहो बाई!”, म्हणून ओरडले, की ती तीच ओळ पुन्हा घेणार, पण वेगळ्या जागेवरून. पुन्हा ओरडा, पुन्हा तीच ओळ, आणखी वेगळी. ठुमरीत बोल बनवतात तसं म्हणा. हातातला रुमाल मुठीत चुरगळलेला.

आता मालिका मला का आवडली ते सांगतो. गाणाऱ्या माणसावर मालिका किंवा सिनेमा काढला की आपल्याकडं एक ठरलेली वाट असते. लहानपणी दारिद्र्य, गुरूचा नकार, पावसात उभं राहणं, मग गुरूचा होकार, मग एकदम टाळ्या. मधलं गाणं कुठं गेलं? ते कधी बांधलं, कुणी बांधलं, कशावरून भांडण झालं, किती पैसे ठरले, वाजवणाऱ्याला किती दिले, काही नाही. जणू गाणं नळाच्या पाण्यासारखं आपोआप येतं. (सोलापुरात तेही येत नाही, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.) या मालिकेत बाई जितकी दिसते तितकीच तिच्या गाण्यामागची माणसं दिसतात. कवी, चाल लावणारे, साजिंदे. मला तर शेवटी शेवटी बाईपेक्षा त्यांचीच काळजी वाटायला लागली होती.

कवी अहमद रामी. पॅरिसला जाऊन फारसी शिकून आलेला, उमर खय्यामच्या रुबाया थेट फारसीतून अरबीत आणणारा विद्वान माणूस. तो या खेडवळ मुलीला कविता वाचायला शिकवतो, पुस्तकं आणून देतो, आणि जन्मभर तिच्यासाठी गाणी लिहितो. शंभराच्या वर गाणी. प्रेम होतं हे सगळ्या गावाला माहीत. लग्न त्यानं दुसरीकडं केलं, संसार केला, आणि गाणी हिच्यासाठी लिहीत राहिला. कमाल अबू रय्या या नटानं तो फार सभ्यपणे उभा केला आहे, कुठंही हात छातीवर आपटत नाही. आमच्या मंडळींना मात्र तो पहिल्यापासून पटला नाही. “त्याच्या बायकोला कुणी विचारलं का?” हा प्रश्न त्या रामी दिसला की विचारायच्या. भाभी मान डोलवायच्या. हाजीसाब आणि मी गप्प. उत्तर आमच्याकडं नव्हतं, मालिकेकडंही नाही.

पण माझा माणूस कसबगी. मुहम्मद अल्-कसबगी, ऊद वाजवणारा आणि चाली बांधणारा. तिकडचा ऊद म्हणजे आपल्या सरोदाचा लांबचा नातेवाईक समजा, पोट गोल, मान मागं मोडलेली, पडदे नाहीत. १९२६ च्या सुमाराला बाईनं घरच्या माणसांची साथ सोडून शहरातले पट्टीचे वादक घेतले, तो साज याच माणसानं जमवला. कानून (आपल्या स्वरमंडलासारखं तारांचं वाद्य), व्हायोलिन, ऊद, रिक्क (झांजांची खंजिरी). गावाकडची मुलगी कैरोची गायिका झाली त्यात त्याच्या चालींचा वाटा मोठा. त्याला सारखं नवं काही हवं असायचं. युरोपातलं ऐकायचा, ते अरबी चालीत कसं मुरवता येईल हे पाहायचा. काही काळ साधलं. मग सिनेमासाठी केलेल्या काही चाली लोकांना रुचल्या नाहीत, आणि १९४० नंतरच्या दशकात बाईनं त्याच्या चाली घेणं थांबवलं. आपल्या एखाद्या सिनेमात इथं माणूस दारू प्यायला बसला असता. कसबगीनं काय केलं? तो तिच्याच साजात ऊद घेऊन बसत राहिला. चाली दुसऱ्यांच्या, सुंबातींच्या, झकारिया अहमदच्या, पुढं अब्दुल वहाबच्या, आणि हा बाईच्या मागं बसून त्या वाजवतोय. १९६६ मध्ये वारला तोवर. वीसेक वर्षं.

अहमद रातिब नावाच्या नटानं हे काम केलं आहे. मी त्याचं नाव वहीत लिहून ठेवलं. कसबगी जिथं दिसतो तिथं तो बोलतो कमी. ऊद मांडीवर घेताना खांदा जरा झुकवतो, तबकडीवरून बोट फिरवतो, आणि बाई गायला लागली की तिच्याकडं न बघता तिच्या श्वासाकडं कान लावून बसतो. हे खोटं करता येत नाही. साथीला बसणाऱ्याची मान कशी असते हे मी जन्मभर पाहत आलोय. माझ्या दुकानात असे किती तरी येऊन गेले, आपल्या चाली कुणी गात नाही म्हणून दुसऱ्याच्या भजनाला पेटी धरणारे. पेटीचा भाता फाटला की हळूच येतात, उधारी सांगतात आणि जाताना एखादी आपली चाल वाजवून दाखवतात. एक भाग तर मी हाजीसाबना पुन्हा लावायला सांगितला, फक्त त्या माणसासाठी. नात वैतागली, पण लावला.

झकारिया अहमदचं प्रकरणही मालिकेच्या निमित्तानं कळलं. चाल लावणारा हा गडी सरळ कोर्टात गेला, माझ्या चालींचे पैसे मला पाहिजेत म्हणून. वर्षानुवर्षं दोघांचं बोलणं बंद, १९६० मध्ये समेट. आता हे सांगताना कुणाच्या बाजूनं उभं राहावं? बाई मोठी होती, पैशालाही पक्की होती. करार, रेकॉर्डचे हक्क, रेडिओचे पैसे, सगळं तिला कळत होतं. मला तर हे आवडलं. गाणाऱ्या बाईनं भोळंभाबडं असावं आणि कुणीतरी तिला फसवावं, म्हणजे आपल्याला रडायला बरं, ही आपली सवय. ही फसत नाही.

आता माझ्या धंद्याचं. मालिका पाहताना पहिल्या काही भागांतच एक गोष्ट कानाला लागली. बाई गाते, गंधारावर, म्हणजे सारेगमतल्या ‘ग’वर येते, आणि तो गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही. दोन्हीच्या मधोमध. आधी वाटलं, जुनी ध्वनिमुद्रणं, फीत हळू-जलद झाली असेल. पण दर वेळी तिथंच, अगदी तिथंच. मग नातीनं शोधून सांगितलं, आपल्याकडं राग तसे तिकडं मकाम, आणि रास्त नावाचा जो मकाम आहे त्यात गंधार आणि निषाद दोन्ही असेच मधले असतात. सगळे मकाम असे नाहीत. हिजाझ ऐकला तर खालचं अंग थेट भैरवाचं. कुर्द ऐकला तर भैरवी दारात उभी. १९६४ मध्ये अब्दुल वहाबनं तिच्यासाठी पहिली चाल बांधली, ‘इन्ता ओमरी’, ती कुर्दमधली. त्यात विजेवरची गिटारही आहे, पण आमच्या मंडळींनी पहिल्या ओळीलाच “ही आपली भैरवी” म्हणून टाकलं, आणि मला ते मोडून काढावंसं वाटलं नाही.

पण रास्तचा गंधार मला झोपू देईना. पेटीत तो नाही. पेटीत कोमल गंधाराची पट्टी आहे, शुद्धाची आहे, मध्ये लाकूड आहे. हे दुखणं आपलंही जुनंच. दरबारीचा गंधार पेटीवर लागत नाही, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, म्हणून तर आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी दाराबाहेर ठेवली होती. माझे वडील मिलमध्ये कामाला आणि फावल्या वेळात पेट्या नीट करायचे, त्यांचा या विषयावर फार राग. “रेडिओवाल्यांना चालत नाही, पांडुरंगाला चालते,” म्हणायचे. आणि गंमत बघा, १९३२ मध्ये कैरोत अरबी संगीताची एक मोठी परिषद भरली होती, युरोपातले नामांकित संगीतकार आले होते, तिथंही भांडण हेच. पियानो अरबी गाण्यात घ्यायचा की नाही, मधले सूर त्यात कुठून आणायचे. आपल्याकडं पेटीवर खटला, त्यांच्याकडं पियानोवर.

तर एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. माझी स्वतःची एक जुनी पेटी आहे, पालिताणा सुरांची. काळी एकचा सा धरला की शुद्ध गंधार येतो पांढरी चारवर. ती पट्टी काढली, सूर बाहेर घेतला. सूर म्हणजे पितळेची एवढीशी जीभ, एका अंगानं रिव्हेट केलेली. टोकाशी खरवडलं की स्वर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. आयुष्यभर शुद्ध गंधार कोमलाकडं झुकू नये म्हणून धडपडलेला माणूस मी, त्या दिवशी जिभेखाली पातळ पत्री सरकवून मुद्दाम बुडाशी खरवडत बसलो. दोनदा ओरखडा, लावून बघ, भाता मार, ऐक. पुन्हा काढ, पुन्हा ओरखडा. घाई केली तर सूर मेलाच. असं करत तो एका जागी आला आणि अंगावर काटा आला. शेजारी जाऊन हाजीसाबना बोलावलं. सा धरला, मग रे, मग तो गंधार. ते काउंटरवरच्या चादरीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “येच तो. येच है.” तेवढ्यात सांगोल्याकडच्या भजनी मंडळाचा एक पोरगा आपली पेटी न्यायला आला. त्यानं जाता जाता माझ्या पेटीच्या चार पट्ट्या दाबल्या आणि काळजीनं सांगितलं, “मास्तर, हिचा एक सूर उतरलाय बघा.” मी बरं म्हटलं.

ती पट्टी मी अजून तशीच ठेवली आहे. नंतर कळलं की तिकडं अ‍ॅकॉर्डियन अरबी गाण्यात वाजवायचा तर त्याचे सूर असेच मधल्या जागांवर लावून घेतात. अ‍ॅकॉर्डियनमध्येही अशाच जिभा असतात, भात्याच्या वाऱ्यावर वाजणाऱ्या. म्हणजे कैरोत, बैरुतमध्ये कुठल्या तरी बोळात माझ्यासारखाच कुणी फळीवर बसून कानस फिरवतो आहे, फक्त त्याचा ‘उतरलेला’ सूर हाच त्याचा बरोबरचा सूर. त्या माणसाला भेटायची इच्छा आहे. भाषेची अडचण नाही, हाजीसाबना बरोबर नेईन.

मालिका निर्दोष आहे असं नाही. भक्ती फार झाली आहे. बाई कधी चिडत नाही, कुणाला तोडून बोलत नाही, बोललीच तर शेवटी तिचंच खरं निघतं. मोठ्या माणसाच्या जवळ राहणाऱ्यांनाच माहीत असतं की ते किती अवघड असतात. राजकारणाच्या भागात तर मी चक्क पेंगलो. राजा गेला, क्रांती झाली, नासिर आला, प्रत्येक जण दिवाणखान्यात उभा राहून भाषण देतो. वय वाढलं हे दाखवायला केसांना पांढरा रंग लावतात तो नाटकातल्यासारखा दिसतो. आणि साब्रीन ओठ हलवते, गात नाही, हे ज्याला गाणाऱ्याचा गळा पाहायची सवय आहे त्याच्या लक्षात येतंच. तरी श्वास ती बरोबर जागी घेते, एवढं श्रेय तिला दिलं पाहिजे. कुणीतरी तिला बसवून शिकवलं असणार.

हे सगळं आपल्याला लिहायचं कारण असं. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ चा. मोगूबाई कुर्डीकर १९०४ च्या. केसरबाई केरकर थोड्या आधीच्या. उम्मे कुल्सूमच्याच पिढीतल्या या बायका. तिकीट लावून, चारचौघांसमोर बसून बाईनं ख्याल गायचा हे हिराबाईंनी करून दाखवलं, तेव्हा लोक काय काय बोलले असतील? मोगूबाई शिकण्यासाठी किती जणांच्या दारात गेल्या? केसरबाईंचा तोरा, रेकॉर्डिंगविषयीचा त्यांचा राग, आणि त्याच केसरबाईंची एक रेकॉर्ड १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून आकाशात गेली. यातल्या एकीवरही अशी भरपूर भागांची, निवांत मालिका आपल्या कुठल्या वाहिनीनं केली आहे का? सिनेमे झाले, बालगंधर्वांवर झाला, चांगला झाला. पण अडीच तासांत गाणाऱ्याचं आयुष्य मावत नाही, टाळ्याच मावतात. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते. थिरकवाँ! त्यांना ३७ भागांच्या मालिकेत निदान दोन भाग मिळाले असते. तालमी कशा व्हायच्या, गोविंदराव टेंब्यांनी पेटीवर ‘मानापमान’च्या चाली कशा जुळवल्या, गवई भास्करबुवा बखले कुठं हसले, कुठं रागावले, हे पाहायला मी रोज रात्री बसेन. सोलापूरचं म्हणाल तर आमचा शाहीर राम जोशी आहेच, याच गावचा, तमाशाच्या नादापायी भावानं घराबाहेर काढलेला. त्याच्यावर १९४७ मध्ये सिनेमा निघाला. त्यानंतर टीव्हीवाल्यांना सोलापूर दिसतं ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या बातमीपुरतं.

वाहिन्यांचे लोक म्हणतील, शास्त्रीय गाणाऱ्या बाईची मालिका कोण बघणार? मग त्यांनी आमच्या बैठकीत यावं. एक निवृत्त भटारी, एक पेटीवाला, संसारात मुरलेल्या दोन बायका आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी. आमच्यातल्या चौघांना भाषा येत नाही. गाणं शास्त्रीय की अशास्त्रीय हे तिघांना माहीत नाही. तरी मालिका संपली तेव्हा भाभींनी विचारलं, “अब क्या देखना?” आणि कुणालाच काही सुचलं नाही. नात तेवढी म्हणाली की आता खऱ्या मैफली ऐकायच्या. तेव्हापासून रात्री एखादी लावतो. १९६६ चं ‘अल्-अतलाल’ सध्या चालू आहे, चाल रियाद सुंबातींची, कविता इब्राहीम नागींची, आणि कवी हे ऐकायला जिवंत नव्हते, तेरा वर्षं आधीच गेले. एका बैठकीत पुरं होत नाही. मध्येच वीज जाते, कधी दुकानाचा माल येतो.

माझी विनंती दोन गोष्टींची. आपल्या यादीत अधूनमधून अशा जुन्या, दूरदेशच्या मालिकांनाही जागा द्या, नावं नीट छापून, म्हणजे लोकांच्या नाती शोधून देतील. आणि आपले कुणी वार्ताहर मुंबईत वाहिन्यांच्या कचेऱ्यांत जात असतील तर हिराबाईंचं नाव एकदा कानावर घालून बघा. त्या मालिकेत पेटी, ऑर्गन, सारंगी जुन्या काळाप्रमाणं हवी असतील तर सूर लावून देईन. पैसे घेईन, झकारिया अहमदप्रमाणं, पण वाजवी.

ही मालिका बघायला बसणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. पहिले भाग गावाकडचे आहेत, संथ आहेत, तिथं उठू नका. रामी आणि कसबगी येईपर्यंत थांबा. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर पेटीचा मजकूर कापा, माझ्या मंडळींचे शेरेही कापा (त्या वाचतील, पण ते माझ्यावर सोपवा). कसबगीचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपला जुना वाचक,
एक पेटीवाला,
विजापूर वेस, सोलापूर